कानाने कॉम्प्युटर घेणारे आमचे साडू

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू डोळ्यांनी बघून विकत घेतली नाही. डोळे देवाने त्यांना चष्म्याची सोबत म्हणून दिले होते. खरेदी ते कानाने करत. कलिंगड काय, कुणीही वाजवून घेतं. हे गृहस्थ चपला वाजवून घेत. भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर एक चप्पल उजव्या कानाशी, एक डाव्या कानाशी धरायची, तळव्यांवर टिचक्या मारायच्या आणि दुकानदाराला गंभीरपणे सांगायचं, "डावी पोकळ आहे. दुसरा जोड काढा." लोखंडी कपाट घ्यायला गेले तेव्हा तर स्वतः कपाटात शिरले, आतून दार ओढून घेतलं आणि ताईंना बाहेरून ठोकायला सांगितलं. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि या कानांची धर्मपत्नी. त्यांनी एकदा ठोकलं आणि दाराला बाहेरून कडी घालून शेजारच्या दुकानात पोळपाट बघायला गेल्या. परत येऊन दार उघडलं तर आतून घामाघूम आवाज आला, "छान आहे. घेऊन टाकू."

लग्नाचंही तेच. मुलगी बघायला गेले तेव्हा मान खाली घालून बसले होते. सासरच्यांना वाटलं, मुलगा लाजाळू आहे. प्रत्यक्षात हा मुलगा स्वयंपाकघराकडे कान लावून बसला होता. कपबशांनी भरलेला ट्रे घेऊन मुलगी आतून बैठकीत आली आणि एकही बशी वाजली नाही, तिथेच यांनी मनातल्या मनात अक्षता टाकल्या. बायकोचा चेहरा त्यांनी अंतरपाट खाली आला तेव्हा पाहिला, असं मी छातीठोकपणे सांगतो आणि ताई नाकारत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, "भीतीने माझे हात लाकडासारखे झाले होते, म्हणून वाजल्या नाहीत. लग्नानंतर वाजवल्याच की नाही सगळ्या?"

आता हा कान आला कुठून? तर टायपिंगच्या क्लासमधून. रविवार कारंज्याजवळ एका चिवड्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर साडूंचा टंकलेखनाचा क्लास होता. लांबलचक हॉल, त्यात टाईपरायटरच्या रांगा, आणि सगळे एकदम सुरू झाले की जो आवाज उठायचा, तो गोदावरी ओलांडून पंचवटीत जायचा. खाली दुकानात परातीतले शेंगदाणे त्या ठेक्यावर उडायचे आणि चिवडा आपोआप मिसळला जायचा. त्या दुकानाच्या चवीचं रहस्य हेच, मसाला-बिसाला सगळ्या बाता. अशा त्या गदारोळात साडू विद्यार्थ्यांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. डोळे मिटलेले. मध्येच हात वर करून म्हणत, "खिडकीजवळची करंगळी आळस करते आहे," आणि खिडकीजवळचा कुणी दिंडोरीचा मुलगा दचकून सरळ बसायचा. मनमाडहून रेल्वेची नोकरी मिळवायला आलेली मुलं, येवल्याहून एसटीने येणाऱ्या मुली, सगळ्या जिल्ह्याची बोटं या माणसाने कानाने सरळ केली. चेहरे मात्र एकाचेही त्यांना ठाऊक नव्हते. एकदा भाजीबाजारात एक रुबाबदार साहेब वाकून त्यांच्या पाया पडला.

"सर, ओळखलंत का?"

साडू कोरे. शेवटी म्हणाले, "जरा टाईप करून दाखवा बरं."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भाजीवाल्या मावशींच्या हातगाडीच्या फळीवर, कोथिंबिरीच्या जुड्यांमधून वाट काढत, दोन्ही हातांनी एक ओळ बडवली.

"अरे, तू होय!" साडूंचा चेहरा उजळला. "एसच्या जागी ए दाबणारा! सुधारला नाहीस की रे अजून!"

या क्लासचा एक धर्म होता. टेबलावर पितळी घंटी. सगळ्यांनी कागद चढवायचा, बोटं मधल्या ओळीवर टेकवायची आणि श्वास रोखून बसायचं. साडू म्हणायचे, "रेडी..." आणि घंटीवर थाप मारून, "स्टार्ट!" त्या क्षणी सगळ्या हॉलची बोटं एकदम पडली पाहिजेत. सरकारी परीक्षेत असंच असतं, म्हणून क्लासमध्ये रोज असंच. त्यांचा नियम साधा होता, "घंटीच्या आधी दाबणारा चोर, घंटीनंतर दाबणारा झोपाळू."

आणि मग समोर काचेचा क्लास उघडला. नव्वदचं दशक संपता संपता नाशकात गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लास उगवले, त्यातला एक नेमका यांच्या समोर. गारेगार हवा, चपला बाहेर काढायच्या, आत गालिचा. पोरं आमच्या साडूंच्या जिन्यापर्यंत यायची, मागे वळून काचेकडे बघायची आणि रस्ता ओलांडायची. दोन-तीन वर्षांत रांगांमधल्या मशिनांवर आच्छादनं चढली ती उतरेनात. हॉलमधला आवाज इतका खाली आला की चिवडा हाताने मिसळायची वेळ आली. हॉलचे मालक म्हणजे ते खालचे चिवडेवाले शेठ. स्वतः यांच्याकडेच टायपिंग शिकलेले. एका संध्याकाळी ते वर आले, उभेच राहिले, आणि कढत तेलात शेव सोडावी तसं भरभर बोलून मोकळे झाले.

"सर, माझे भाऊ ऐकत नाहीत. समोरचे काचवाले दुसरी शाखा टाकतायत, त्यांना हॉल पाहिजे. मी म्हटलं, सरांना एक संधी द्या. अक्षय्यतृतीयेला आम्ही तिघं वर येतो. कॉम्प्युटरवर वर्ग भरलेला दिसला, तर भावांना मी गप्प करतो. नाही दिसला तर सर... मलाच गप्प बसावं लागेल."

साडू म्हणाले, "ठीक आहे." एवढंच. पण ताई नंतर माझ्या बायकोला सांगत होत्या की त्या दिवशी जेवताना पापड मोडल्याचाही आवाज झाला नाही; म्हणजे त्यांनी तो चोखून खाल्ला.

हॉलभर नवे कॉम्प्युटर घेणं त्यांच्या ऐपतीतलं नव्हतं. दोन घेतले असते, फार तर तीन. आणि तीन कॉम्प्युटरला वर्ग कोण म्हणेल? त्याच दिवसांत कुठल्याशा मासिकासोबत फुकट आलेली, लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रणालीची सीडी त्यांच्या हाती लागली. त्यासोबतची माहिती त्यांनी माझ्या बँकेतल्या प्रिंटरवर छापून घेतली आणि वाचायला बसले. वाचायला म्हणजे टाईप करायला. कारण साडूंना नुसतं वाचलेलं कळायचंच नाही. "वाचलेलं डोळ्यांतून गळून जातं, टाईप केलेलं बोटांत उतरतं," असं ते म्हणत. लग्नपत्रिकासुद्धा टाईप करून घेतल्याशिवाय त्यांना मुहूर्त समजत नसे. तेव्हा तो अख्खा इंग्रजी ग्रंथ त्यांनी पहिल्या पानापासून टाईपरायटरवर बडवून काढला, खाली कार्बन घालून, आणि कार्बनची प्रत मला आणून दिली. "तुमच्यासाठी, साडूभाऊ. निवांत वाचा." मी ती अजून निवांत वाचतोय.

पण माणूस पेटला. लिनक्समध्ये हुकूम टाईप करून द्यायचे असतात हे कळल्यावर तर त्यांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. माऊसचा त्यांना मनापासून तिटकारा. हात मधल्या ओळीवरून उठला की माणूस कामातून गेला, हे त्यांचं ठाम मत. आणि त्या ग्रंथात त्यांना सापडला थिन क्लायंट. ही काय भानगड आहे ते त्यांनी मला आमच्या घरच्या मुंजीच्या पंगतीत, शेजारच्या पानावर बसून समजावलं.

"हे बघा साडूभाऊ, जेवायला माणसं किती?"

"मांडवभर."

"आचारी किती?"

"एक."

"मग? या पत्रावळीला स्वयंपाक येतो का? नाही येत. तिला येण्याची गरज आहे का? नाही. एक तगडा आचारी आत बसवायचा, त्याचं नाव सर्व्हर. बाकी सगळ्या पत्रावळी. पत्रावळ कसलीही चालते, जुनी-पानी, भंगारातली. तिने फक्त समोर दिसायचं. शिजतं सगळं आत."

"आणि आचारी आजारी पडला तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने जिलबी उचलली.

तर पत्रावळी गोळा करायला आम्ही दोघं अंबड लिंक रोडच्या भंगारबाजारात गेलो. आमच्या बँकेने काढून टाकलेले कॉम्प्युटर तिथे एका चाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडले होते. त्यात माझाही होता. कोपऱ्यातल्या लक्ष्मीच्या चिकटचित्रावरून मी तो ओळखला आणि क्षणभर मला गलबलून आलं, कारण त्या यंत्राने मला कधीही वेळेवर घरी जाऊ दिलं नव्हतं. चाचांनी झटकून एक डबा पुढे केला.

"ले जाओ साब, हार्डडिस्क एकदम चालू है. चेक करके लो."

"हार्डडिस्क काढून घ्या," साडू म्हणाले.

"क्या?"

"काढून घ्या. मला नको."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "भाईसाब, जरा समझाओ इनको. हार्डडिस्क के बिना ये खाली डब्बा है."

"डब्बाच पाहिजे," साडू म्हणाले. "त्याला डोकं असलं की तो स्वतःचं चालवतो. मला डोकं नसलेले पाहिजेत."

"अरे बाप रे," चाचा शेडच्या दारातून बाहेरच्यांना ओरडले, "देखो भाई, इंजिन उतारके गाडी ले जानेवाला आया है!"

बघता बघता माणसं जमली. साडूंना कशाचं भान? त्यांनी एकेक डबा विजेला जोडून त्याच्या पंख्याला कान लावला, डोळे मिटले, आणि निदान सुरू केलं. "हा दमेकरी, बाजूला. हा तापट. हा... वा! हा सुशील आहे, घ्या." गर्दीत मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला वाटलं कुणी वैद्य आलाय; तो पुढे होऊन स्वतःची छाती ऐकवायला लागला. साडूंनी तीही ऐकली आणि विडी सोडायला सांगितली. शेवटी चाचा इतके खूश झाले की निवडलेले डबे त्यांनी स्वतः टेम्पोत चढवले आणि मला कानात म्हणाले, "आदमी नेक है. घर में खयाल रखो."

मॉनिटर तिथेच मिळाले, पण कीबोर्डांनी रडवलं. बँकेचे जुने कीबोर्ड वजनदार, खणखणीत वाजणारे. साडूंना ते बघताच, म्हणजे ऐकताच, प्रेम जडलं. पण एक उलटा करून ठोकला तर त्यातून सुपारीची खांडं, चिवड्यातलं डाळं, एक स्टेपलर पिनांची पट्टी आणि आमच्या हेडक्लार्कांची हरवलेली जानव्याची गाठ पडली. बाकीच्यांत वर्षानुवर्षांचा चहा गोठून बसला होता. एक कळ दाबली की चार खाली जायच्या आणि वर यायचं नाव घ्यायच्या नाहीत. नाइलाजाने कॉलेज रोडला नव्या कीबोर्डांच्या दुकानात जावं लागलं. तिथे टाय लावलेल्या तरतरीत सेल्समनने काउंटरवर एकामागून एक मांडले. साडूंनी डोळे मिटून प्रत्येकावर क्लासमधली तीच ती ओळ वाजवली. आवाज येईना.

"वाजत का नाही हे?"

"सर, हे सायलेंट आहेत. सॉफ्ट टच. लेटेस्ट."

"अहो, हा कीबोर्ड आहे की ढोकळा? बोट टेकलं की आत जातंय! टाईप झालं हे मला कळणार कसं?"

"स्क्रीनवर दिसतं ना, काका."

"दिसतं!" साडू माझ्याकडे वळून म्हणाले. दुखावलेल्या माणसाच्या तोंडून इतका छोटा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

वाजणारे कुठेच नव्हते. शेवटी ढोकळेच घेतले.

सर्व्हरच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडला नाही. सेल्समन त्यांना निळे दिवे लागणारा डबा दाखवत होता, पुढून काच असलेला डबा दाखवत होता; साडू म्हणत होते, "आचाऱ्याला झब्बा कशाला? मुदपाकखान्यात कोण बघतंय? त्याला रॅम द्या. आणखी द्या. अजून एक पट्टी मावते का बघा." मदरबोर्डावर जितक्या खाचा होत्या तितक्या भरूनच ते थांबले. हार्डडिस्क त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक तिला टेकवून, दांडा कानाला लावून, डॉक्टर ऐकतात तशी ऐकली. शेवटी राहिली सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात ती पेटी. तिचे दोन प्रकार, हब आणि स्विच. सेल्समनने, खरं सांगायचं तर कळवळून, स्विच घ्या म्हणून सांगितलं.

"फरक काय दोघांत?"

"हबमध्ये काका, एकाने पाठवलेलं सगळ्यांकडे जातं. सगळी तार सगळ्यांची. स्विच ज्याचं त्यालाच देतो."

"म्हणजे हा मोठ्याने बोलतो, आणि हा कानात कुजबुजतो?"

"तसंच समजा..."

"मग हब द्या," साडू म्हणाले. "वर्गात बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. कुजबुजणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही."

मी बँकेतला माणूस. कुजबुजीवरच आमचं खातं चालतं. पण मी बोललो नाही. साडूपुढे बोलून उपयोग नसतो. दोघांनी एकाच घरातल्या मुली केलेल्या असतात, बोलायची सवय दोघांचीही मोडलेली असते.

चैत्र संपेपर्यंत हॉल तयार झाला. टाईपरायटर भिंतीला सरकले, मधोमध डबे मांडले गेले, आणि कोपऱ्यात कापडी पडद्याआड सर्व्हर बसला. प्रत्येक डब्यात एकेक फ्लॉपी. ती डब्याला जागं करायची, डबा तारेवरून सर्व्हरला हाक मारायचा, सर्व्हर त्याला हवं ते वाढायचा, आणि पडद्यावर सगळं हजर. साडूंनी रोज सकाळी एकेक डबा सुरू करून बघितला. आज हा, उद्या तो. सगळे उत्तम चालले. मला फोन करून सांगायचे, "साडूभाऊ, आज दारापाशीचा पास झाला!" दहावीचा निकाल लागल्यासारखे सगळे ओळीने पास होत गेले. ताईंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. सर्व्हरला जरा जास्तच.

अक्षय्यतृतीया उजाडली. दुपारी आमरस हाणून शेठ आणि त्यांचे दोन भाऊ वर आले आणि खुर्च्यांत पसरले. थोरला भाऊ तर आल्या आल्या काचवाल्यांची सामानाची कपाटं कुठे बसतील ते नजरेने मोजू लागला. साडूंनी जुने-नवे सगळे विद्यार्थी गोळा केले होते. डब्यामागे माणूस आणि माणसामागे माणूस. ताई दारात कैरीच्या पन्ह्याचं पातेलं घेऊन बसल्या होत्या. मी उगाचच सर्व्हरच्या पडद्याजवळ उभा राहिलो, जणू तो पळून जाणार होता.

साडू इस्त्रीचा सदरा घालून टेबलाजवळ उभे राहिले. हॉल श्वास रोखून बसला.

"रेडी..."

घंटी वाजली.

"स्टार्ट!"

सगळी बोटं एकदम पडली. काय दृश्य होतं! सगळे डबे एका क्षणी जागे झाले, सगळ्या पडद्यांवर पांढरी अक्षरं एकदम आली, सगळ्यांनी सर्व्हरला एकदम हाक मारली, आणि सगळे तिथेच थिजले. एक टिंब. आणखी एक टिंब. मग टिंबही नाही. हबवरचे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. पडद्याआडून सर्व्हरच्या हार्डडिस्कचा घर्रर्र आवाज येत होता.

"बंद करा सगळं," साडू म्हणाले. "परत घेऊ. रेडी... स्टार्ट!"

परत तेच. तिसऱ्यांदा तेच. थोरल्या भावाने रुमालाने मिशा पुसल्या आणि शेठकडे पाहिलं. शेठ जमिनीकडे पाहत होते. धाकटा म्हणाला, "सर, भंगार ते भंगारच हो. उगीच तुम्ही या वयात..." आणि वाक्य अर्धवट सोडलं. वाक्य पुरं केलं असतं तर परवडलं असतं.

साडू हबजवळ गेले आणि त्याला कान लावला. हब आवाज करत नव्हता. हब कधीच आवाज करत नाही. त्यांनी सर्व्हरला कान लावला. मग सरळ झाले आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, "एकेकटे सगळे चालत होते हो, साडूभाऊ. तुम्हाला रोज फोन केला ना मी?" मग टेबलाशी परत जाऊन त्यांनी पुन्हा घंटीवर हात ठेवला. हा माणूस मी भंगारबाजारात, मांडवात, कपाटात, सगळीकडे पाहिला होता. असा नव्हता पाहिला.

तेवढ्यात दारातून ताईंचा आवाज आला. पन्ह्याभोवती त्या वेळी पोरांची झुंबड उडाली होती. उकाडा काय कमी होता? आणि ताई पळीनेच त्यांचे हात मागे सारत होत्या.

"अरे, थांबा की जरा! सगळ्यांनी मिळून पातेल्यात हात घातले तर एकाला तरी मिळेल का? एकेकाने या!" आणि मग तोच चढा सूर त्यांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे वळवला, "अहो! आणि तुम्ही काय करताय? मांडवभर लोकांना एका वेळी भात वाढतात का? आचारी एकच आहे म्हणून सगळ्या नाशकाला सांगत फिरता, आणि सगळी पानं त्याच्यापुढे एकदम आपटताय! एकेक वाढू द्या ना त्याला!"

साडूंनी घंटीकडे पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की त्यांना कळलंय. रोज सकाळी एकेक डबा, म्हणून सगळे पास. आणि आज घंटी. मोठ्याने बोलणारा हब आणि सगळ्यांनी एकदम मारलेली हाक. कुणाचंच कुणाला ऐकू गेलं नव्हतं. तरीही हात घंटीवरून निघेना. घंटीशिवाय वर्ग सुरू करायचा म्हणजे या माणसाला धोतर सोडून बाजारात जाण्यासारखं होतं.

ताई तोवर हॉलमध्ये आल्या होत्या, हातात पन्ह्याची पळी तशीच. पहिल्या रांगेतल्या पहिल्या मुलीच्या खांद्याला त्यांनी पळीचा दांडा लावला. "तू लाव गं." मुलीने बटण दाबलं. टिंबं आली, भराभर आली, आणि पडदा रंगीत झाला. हॉलभर एक श्वास सुटला. ताईंनी दुसऱ्याच्या खांद्याला दांडा लावला. "आता तू. घाई नको." मग तिसरा. साडूंनी घंटी उचलली, क्षणभर हातात तोलली, आणि वाजू न देता सदऱ्याच्या खिशात टाकली. "पुढची रांग मी घेतो," ते म्हणाले, आणि रांगेतून चालत जाऊन एकेकाच्या खांद्याला बोट लावू लागले.

शेवटचा पडदा उजळला तेव्हा थोरला भाऊ खुर्चीतून उठून सर्व्हरच्या पडद्याआड डोकावून आला होता. "एवढे सगळे या एका डब्यावर?" त्याने विचारलं. "मग आमच्या दुकानाचा हिशोबही बसेल का यात?" शेठ एवढ्या जोरात हसले की खाली गिऱ्हाइकं चपापली. काचवाल्यांच्या कपाटांचा विषय त्या दिवसानंतर पुन्हा निघाला नाही. साडूंनी पुढच्याच महिन्यात गुपचूप स्विच आणून बसवला. मी त्यावर एक अक्षर बोललो नाही, यातच माझा मोठेपणा आला.

क्लास चालला. चांगली वर्षं चालला. पोरं रस्ता ओलांडून इकडे येऊ लागली, दिंडोरीची, येवल्याची, मनमाडची, पूर्वीसारखीच. पण पहिल्याच आठवड्यात खालून दुकानातला एक माणूस धापा टाकत वर आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "सर, क्लास बंद पडला का काय?" हॉल भरलेला होता. त्याला खाली काही ऐकू येईना, म्हणून तो बिचारा घाबरून बघायला आला होता. ढोकळ्यावर पडणाऱ्या बोटांचा आवाज तो काय? कागदावर मुंग्या चालाव्यात तेवढा. साडू काही दिवस सवयीने भिंतीकडे तोंड करून बसले, डोळे मिटून. मग एके दिवशी त्यांनी खुर्ची वळवली. त्यांना आता वर्गाकडे बघावं लागायचं. आणि बघायला लागल्यावर त्यांना एकेक नवलाच्या गोष्टी दिसायला लागल्या. कुणी डोळ्यांत पाणी घेऊन टाईप करतं, कुणी उपाशी येतं, कुणी दोघं मुद्दाम शेजारी बसतात. घरी येऊन ते हे सगळं ताईंना सांगायचे आणि ताई म्हणायच्या, "हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

नंतर एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो. संध्याकाळची वेळ, ते गच्चीला लागून असलेल्या खोलीत खिडकीशी बसले होते, हात मांडीवर, बोटं स्वस्थ. मी म्हटलं, "दादा, क्लास वाचवलात तुम्ही. खूश असाल."

"वाचला खरा," ते म्हणाले. "पण पूर्वी कसं व्हायचं, साडूभाऊ, मी क्लास बंद करून घरी आलो की तो कानात आणखी तासभर चालू असायचा. जेवताना, पेपर वाचताना. रांग, रांग, सगळी पोरं. आता कुलूप लावलं की तिथेच संपतो. घरी येतो तो एकटाच येतो मी."

 

आतून ताई म्हणाल्या, "अहो, मटार सोलायचेत, येता का?"

"आलो," साडू म्हणाले, आणि लगेच उठले. जाता जाता दारात थबकून माझ्याकडे वळले, आणि काहीशा आश्चर्यानेच म्हणाले, "ही मला इतकी वर्षं रोज अशीच हाक मारत असणार, नाही?"